आमचे कागद कोठे गेले?

[ऊसतोडीचा हंगाम आटोपून मंडळी घरी परतल्यावर, २०२४ च्या वैशाखात बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर भरलेल्या बायकांच्या सभेत एका आशा कार्यकर्तीने केलेले भाषण.]

अध्यक्षबाई, आयाबायांनो आणि मागे लिंबाखाली उभे असलेल्या बंधूंनो,

मला भाषणाची सवय नाही. मी या वस्तीची सून, आशाताई म्हणून दारोदार फिरते, हे आपण सर्व जाणता. तरीही आज उभी राहिले आहे, कारण माझ्याकडे आपले एक देणे आहे. देणे अंगावर असले म्हणजे झोप कशी लागत नाही, हे मुकादमाची उचल घेणाऱ्या घरांस मी नव्याने सांगावयास नको.

२०२३ च्या उन्हाळ्यात शहरातील एका महाविद्यालयातील बाई येथे आल्या होत्या. समाजकार्य या विषयात त्या संशोधन करीत होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनविषयी त्यांस माहिती हवी होती, आणि ती भरून घेण्यास त्यांनी मला मदतीला घेतले. मी घरोघर बसून कागद भरले. तेव्हा एका मावशींनी (त्या आज पुढच्याच ओळीत आहेत) अंगठा देताना विचारले, “सूनबाई, हे कागद पुढं कुठं जात्यात गं?” मी म्हणाले, वर जातात. वर म्हणजे कोठे, हे मला तरी कोठे ठाऊक होते? यंदाच्या जानेवारीत ते डोळ्यांनी पाहून आले, आणि तेच सांगण्यासाठी ही सभा मागितली.

समाजकार्यातील संशोधनाची परिषद म्हणून विद्वान मंडळींची एक जत्रा असते. बाईंनी मला तेथे नेले. तीन दिवस परिषद, आणि आत शिरावयास फी. एका कोयत्याच्या आठवड्याच्या मजुरीइतकी ती होती. माझी बाईंनी भरली. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवली. नावाखाली संस्थेचे नाव लिहावयाचे होते. माझ्या चिठ्ठीवर ती जागा कोरीच राहिली, म्हणून जो तो माझे नाव वाची, मग खालची कोरी ओळ वाची, आणि पुढे जाई.

एकाच वेळी चार खोल्यांत निबंध वाचले जातात. प्रत्येकास पंधरा मिनिटे. चौदा झाली की एक मुलगा घंटी दाखवतो, पंधराव्याला ती वाजते, आणि माणूस वाक्याच्या मध्यावर थांबतो. दारूच्या पायी मोडलेली घरे, म्हातारपण, बालविवाह, वेडाचे आजार, अशा विषयांची रांगच लागलेली. भाषा बहुतेक सर्व इंग्रजी. काही खोल्यांत वाचणारे पाच आणि ऐकणारे सात. खरी परिषद चहाच्या टेबलाशी भरते, असे मला तर दिसले. कोणास नोकरी हवी, कोणास निबंध छापून हवा, ते सारे तेथे ठरते.

या लोकांस संशोधनाची एवढी घाई का, हे मी बाईंस विचारले. त्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९१५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे धर्मादाय काम करणाऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तेथे अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थाने भर सभेत सांगितले की, समाजकार्य हा डॉक्टर-वकिलांसारखा स्वतंत्र व्यवसाय म्हणता येत नाही. हे बोलणे त्या मंडळींच्या जिव्हारी लागले. दोनच वर्षांनी, १९१७ साली, मेरी रिचमंड या बाईंनी गरजू कुटुंबाची माहिती कशी मिळवावी आणि पारखावी यावर जाडजूड पुस्तक लिहिले. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने या विषयाची पहिली शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आपल्याला शास्त्र आहे हे दाखवण्याची ती धडपड अजून चालूच आहे. असो.

परंतु मी केवळ निंदा करावयास उभी नाही. तेथे एक गोष्ट अशी शिकले की जी आपल्या प्रत्येक बाईने शिकावी. आपण म्हणतो, “आमच्या वस्तीत लई बायांच्या पिशव्या काढल्या.” हे ऐकून सरकारी साहेब मान हलवतो आणि निघून जातो. संशोधन करणारा विचारतो, किती बायकांपैकी किती? आणि ज्या ऊसतोडीला जात नाहीत, त्यांच्यात किती? हे दोन प्रश्न म्हणजे विळ्याची धार समजा. २०१९ साली ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशातील १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची रीत अगदी एक नाही, तेव्हा तंतोतंत तुलना करू नये, असे बाईंनी बजावले आहे. तरी तीन कोठे आणि सतरा कोठे? आता कोणी म्हणो पाहू की बायका उगाच रडतात! रडण्याला आकड्याची जोड मिळाली म्हणजे ऐकणाऱ्यास कानावर हात ठेवता येत नाहीत.

आता जे सांगणे अवघड आहे ते सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्यावरचा निबंध होता. आपल्या गावाचे नाव त्यात नव्हते. “गाव क्रमांक तीन” असे होते. ते योग्यच, कोणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून तसे करतात. भिंतीवर तक्ते दिसू लागले. एका तक्त्याचे डोके होते, ऑपरेशन करून घेण्याचे कारण. त्यात सर्वांत उंच खांब कोणता? “स्वतःचा निर्णय.” तो पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या खांबातल्या कितीतरी विटा मी माझ्या हाताने रचल्या होत्या.

एका बाईचा कागद भरताना काय झाले ते ऐका. कोणाचा, ते सांगणार नाही. ती तासभर बोलली. फडात आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जात असताना तोच कपडा दिवसभर. एक दिवस बसले की खाडा, त्याचे पैसे उचलीत धरतात, आणि एकटीने कधी बसता येत नाही, कारण कोयता म्हणजे नवराबायको दोघे. डॉक्टर म्हणाला, पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल. ऑपरेशनला पैसे मुकादमाने दिले, ते फेडायला आणखी दोन हंगाम. हे सर्व सांगून शेवटी ती म्हणाली, “मग म्याच म्हनलं, काढूनच टाका.” कागदावर चौकोन चार होते: डॉक्टरचा सल्ला, घरच्यांचा आग्रह, स्वतःचा निर्णय, इतर. मी तिसऱ्यावर खूण केली. पुढची दारे वाट पाहत होती, ऊन चढत होते. तासाभराची हकीकत एका फुलीत मावली, आणि तिने गळ्यात फास अडकल्यावर काढलेला उद्गार शहरात जाऊन तिची मर्जी ठरला.

प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. मराठीतच बोलले. म्हटले, हे कागद मी भरले आहेत, आणि हा खांब खरा नाही. खोलीत शांतता झाली. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, हा मुद्दा या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे. बाईंनी मात्र घंटी वाजत असताना सर्वांदेखत कबूल केले की चौकोन खोलीत बसून आखले होते, आधी चार बायकांस विचारून आखावयास हवे होते. चूक कबूल करणारी शिकलेली माणसे मी फार पाहिली नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्या सभागृहात उसाचा कोयता हाती धरलेले माणूस एकही नव्हते. पण कोयता धरणाऱ्यांची लेकरे होती! पाठीमागच्या खुर्च्यांवर बसलेली, इंग्रजी चुकेल म्हणून तोंड न उघडणारी. माझा प्रश्न झाल्यावर त्यांतल्या तिघी बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. एकीचे आईबाप वीटभट्टीवर आहेत. तिला मी म्हटले, बाई, तुझ्याइतका या विषयाचा अभ्यास येथे कोणाचा आहे?

ज्याचे जळते त्याने मोजावे, ही काही आजची गोष्ट नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी कैफियत दिली, तीत सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो, असा रोकडा हिशेब मांडला. त्याच फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन लोकांस अर्पण केली, त्यांच्या देशात विल्यम डु बॉइस या काळ्या विद्वानाने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहून, घरोघर स्वतः जाऊन आपल्या लोकांची माहिती घेतली आणि १८९९ साली ग्रंथ छापला. तोवर त्या वस्तीतले दारिद्र्य म्हणजे तेथल्या लोकांची खोड, असे बाहेरचे लोक सांगत असत.

तेव्हा पुढे कोणी कागद घेऊन आले तर हाकलू नका, पण अंगठा देण्यापूर्वी विचारा: काय लिहिलेस ते वाचून दाखव, हे कोठे जाणार, आणि परत आणून कधी सांगणार? नको वाटले तर नाही म्हणण्याचा हक्क आहे. दिलेली माहिती मागे घ्यावीशी वाटली तर बाईंस मजमार्फत कळवा. त्यांनी तसे लिहून दिले आहे. येत्या रविवारी त्या येथे येतील. ज्यांस आपली हकीकत पुन्हा सांगावयाची असेल त्यांनी शाळेत यावे. या खेपेस चौकोन नाहीत, कोरा कागद आहे. आणि येत्या दसऱ्यानंतर ज्या टोळ्या निघतील, त्यांतल्या लिहितावाचता येणाऱ्या एकेका पोरीने वहीत खाडे किती, पाणी किती लांब, दवाखान्यात कोण गेले आणि काय सांगितले, हे टिपावे अशी माझी विनंती आहे. वह्या मी देईन.

निबंधाची प्रत बाईंनी मला दिली आहे. बारा पाने, इंग्रजी. माझा पुतण्या आणि मी रात्री बसून तिचे मराठी केले. चूकभूल सांभाळून घ्यावी. दिवा जरा अलीकडे घ्या. पहिल्या पानावर गावाचे वर्णन आहे. पाण्याच्या दोन विहिरी, असे लिहिले आहे. एक आटून तीन वर्षे झाली, हे कोणीतरी टिपून घ्या.