अडसर एक नव्हे, अनेक

कमी ऊर्जेच्या टकरीत दोन जड अणुकेंद्रांमध्ये दोन बळांची ओढाताण चालते. दोन्हींवर धन विद्युतभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. पृष्ठभाग अगदी लगत आले, की अणुकेंद्रीय बळ त्यांना आत ओढते. यातून ऊर्जेचा अडसर उभा राहतो. ऑक्सिजन-१६ आणि समेरियम-१५४ यांच्यात तो साधारण ६० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. ऊर्जा त्याहून कमी असली, तरी पुंजयामिकीच्या नियमांनुसार तो भेदून अणुकेंद्रे एकजीव होऊ शकतात; यालाच संमीलन म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत या अडसराची एकच रेघ काढतात आणि विद्यार्थी तिथेच थांबतात. हे बरे नाही. अणुकेंद्र म्हणजे कठीण, निश्चल गोळा नव्हे. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या भाटांत पडलेला न सोललेला नारळ पाहावा. त्याच्या टोकाला दुसरा लहान नारळ टेकवला, तर दोघांचे मध्य लांब राहतात. कुशीला टेकवला, तर जवळ येतात. समेरियम-१५४ असेच लांबट आहे. टोकाकडून येणाऱ्या ऑक्सिजनला अणुकेंद्रीय बळ लांबूनच धरते, म्हणून तिथे अडसर ठेंगणा. कुशीकडून तो उंच. नारळ हलवला की आतले पाणी डुचमळते. अणुकेंद्रेही टकरीत थरथरतात, फिरतात, न्यूट्रॉनांची देवघेव करतात. अशा प्रत्येक हालचालीने अडसर बदलतो. म्हणून पुन्हा सांगणे भाग आहे: अडसर एक नाही, अनेक आहेत.

१९७८ मध्ये स्टॉकस्टॅड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. अडसराखालच्या ऊर्जेत लांबट समेरियम-१५४ चे ऑक्सिजनशी संमीलन जवळजवळ गोल समेरियम-१४८ पेक्षा कितीतरी अधिक झाले. १९९१ मध्ये राऊली, सॅचलर आणि स्टेलसन यांनी संमीलनाच्या अचूक मोजमापांतूनच अडसरांची वाटणी काढण्याची रीत दिली. मोजमापाला प्रवेगक लागतो. मुंबईत कुलाब्याला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे. गणिताला मात्र साधा संगणकही पुरतो. गोव्यात साखळीच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही ते करता येईल.

२००२ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत निकेल-६० आणि इट्रियम-८९ यांच्या टकरीत नवा पेच दिसला: अडसराच्या फार खाली संमीलन गणितापेक्षा झपाट्याने घटते. एका मतानुसार एकमेकांत शिरलेले अणुकेंद्रीय द्रव्य दाबले जाण्यास विरोध करते. दुसऱ्या मतानुसार स्पर्शानंतर दोन केंद्रांची एक जोडरचना बनू लागते. या वादाचा निकाल लागायचा आहे. पण दोन्ही मतांत अणुकेंद्राच्या आतल्या घडणीचा हिशेब धरावाच लागतो.