जुन्या कॅमेऱ्यास समकालीन भिंग

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली; डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या पिढीचा पेटी-कॅमेरा आज महाडास आणला, तर त्यास भिंग कोणतें निवडावें? प्रतिमा दुधी कांचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोंचते ना, हें प्रथम पाहावें. सवच्या ऊन झऱ्यांपाशीं बसलेल्या वृद्धाच्या तसबिरीस १८४० चें पेट्झव्हालचें भिंग योग्य. त्यांत मुद्रा रेखीव उमटते, कडा धूसर राहतात. गांधारपाले लेण्यांस मात्र एकेरी भिंग घ्यावें. त्यानें कडेचे खांब किंचित् वांकतील. १८६६ चें रॅपिड रेक्टिलिनियर ते सरळ करील. पण या कॅमेऱ्याच्या काळीं तें नव्हतेंच. तो वांक पुसल्यास चित्र सुबक होईल, परंतु साक्ष खोटी ठरेल.