परगावचा वास आणि यतींचा चातुर्मास



वर्धापनदिनाच्या या मंगल प्रसंगी मला नेमून दिलेला विषय वरवर पाहता लौकिक आहे. आपले गाव सोडून काही काळापुरते परगावी राहावे लागते, त्यांनी कसे राहावे? बडोद्यास हा प्रश्न नवा नव्हे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेव्हापासून विद्यार्थी आणि नोकरदार येथे येत आहेत, खोली घेत आहेत आणि दोन-चार वर्षांनी परतत आहेत.

या मंडळींच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : ‘दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे!’ या एका वाक्यापायी जेवणाची वेळ राहत नाही, झोपेचा नेम राहत नाही, शेजाऱ्याचे नावही ठाऊक होत नाही. वास तात्पुरता आहे, म्हणून तो कसाही चालेल, असा हा समज आहे. आपली परंपरा याच्या नेमके उलट सांगते.

संन्याशाइतका तात्पुरता रहिवासी दुसरा कोण? श्रीमत् वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज १८५४ मध्ये माणगावी जन्मले, संन्यासानंतर देशभर पायी हिंडले आणि १९१४ मध्ये आपल्या नर्मदामाईच्या तीरी गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. त्यांचे स्वतःचे घर कोठेच नव्हते. तरीही चातुर्मास एका ठिकाणी आणि नेमाने. आषाढी पौर्णिमेस व्यासपूजन करून यती वर्षाकाळ तेथे राहण्याचा संकल्प करतो. मुक्काम चार महिन्यांचाच असतो, पण संकल्पपूर्वक केलेला असतो. परगावच्या वासाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

आता व्यवहाराचे बोलू. यती वर्षाकाळासाठी स्थान पारखून घेतो, तसे आपणही घ्यावे. खोली ठरविण्यापूर्वी घरमालकास विचाराच, पण समोरच्या दुकानदारासही विचारा की, २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस येथे पाणी कुठवर चढले होते. विश्वामित्रीचा पूर ज्याने पाहिला नाही, त्यास हा प्रश्न सुचत नाही. या नदीत मगरी आहेत, आणि पुराबरोबर त्या वस्तीतही शिरतात. तेव्हा कुतूहलाने पाण्यात उतरू नये. कागदपत्रे उंच फळीवर, मेणकापडात बांधून ठेवावीत.

भाडेकरार लेखी करावा, अनामत रकमेची पावती घ्यावी. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका असेल, तर आधारची ओळख पटवून तिच्यावरील धान्य आता परराज्यातील शिधावाटप दुकानातही मिळते. कष्टकरी बांधवांना हे आवर्जून सांगावे.

दिवसातून एक वेळ तरी स्वतःच्या हाताने शिजवून जेवावे. वरणभात आणि भाजी एवढे साधले, तरी प्रकृती आणि पैसा दोन्ही राखले जातात. येथील डाळीत गूळ असतो म्हणून नाक मुरडू नये. ज्या गावचे पाणी प्यावे, त्या गावच्या चवीची निंदा करू नये. गुजराती लिपी देवनागरीची सख्खी बहीण आहे, डोक्यावर शिरोरेषा नाही एवढेच. मराठी वाचणाऱ्यास ती थोड्या दिवसांच्या सरावाने वाचता येते. आपली स्मरणिका दोन भाषांत निघणार आहे. दुसरी बाजूही वाचण्याचा नेम धरावा.

घरी फोन करण्याचा वार ठरवावा. आपला रक्तगट, चालू औषधे आणि घरचा क्रमांक एका कागदावर लिहून शेजाऱ्यापाशी द्यावा. आजारपण रात्री आले, तर गावाकडचे दहा नातलग पोहोचेपर्यंत हा एक शेजारीच उपयोगी पडतो.

परंतु चातुर्मासाच्या विधीला दुसरेही अंग आहे. यती आपली राहण्याची इच्छा प्रकट करतो, तेव्हा गृहस्थांनी, आपण सुखाने राहावे, आम्ही यथाशक्ती सेवा करू, असे उत्तर द्यावयाचे असते. वास दोघांच्या संकल्पाने सिद्ध होतो.

हे उत्तर या नगरीने एकदा दिले नाही. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले. जातीमुळे त्यांना कोठे जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडावयास लावली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही दिला नाही. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाठीबागेत, म्हणजेच सयाजीबागेत, काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. विद्या, पदवी, राजाश्रय हे सारे असूनही त्यांना चार भिंती मिळाल्या नाहीत.

सद्भक्तहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे. भाडेकरू येतो, आपण आडनाव विचारतो, आणि आडनाव ऐकल्यावर खोली अकस्मात ‘दिलेली’ असते. दत्तप्रभू कोणत्या वेषाने दारी येतील हे सांगता येत नाही, असे आपण नित्य म्हणतो. ते जर खरे मानीत असू, तर दारी आलेल्यास वागणूक विचारावी, काम विचारावे, भाडे ठरवावे. जात विचारू नये. परगावी कसे राहावे हे पाहुण्याने शिकावे. त्यास कसे राहू द्यावे, हे आपण शिकावे.

एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. श्रीगुरुदेव दत्त.