सुपीरियर सरोवरावरील कयाक-विहार

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं, संयुक्त संस्थानें व कॅनडा यांच्या सीमेवर, सुपीरियर नांवाचें सरोवर पसरलेलें आहे. सरोवर हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रांतील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें पवई किंवा रंकाळा उभा राहतो. परंतु त्या मापानें सुपीरियर मोजूं गेल्यास मोठीच फसगत व्हावयाची. त्याची लांबी सुमारें ३५० मैल, रुंदी १६० मैल, आणि सर्वांत खोल जागीं खोली १,३३३ फूट आहे. विस्तारानें याहून मोठें गोड्या पाण्याचें सरोवर पृथ्वीच्या पाठीवर नाहीं. भूपृष्ठावरील द्रवरूप गोड्या पाण्याचा सुमारें दहावा हिस्सा एकट्या या सरोवरांत सांठलेला आहे. एका तीरावरून दुसरें तीर दिसत नाहीं; लाटा उसळतात, वादळें होतात, जहाजेंही बुडतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजीं ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हें ७२९ फूट लांबीचें मालवाहू जहाज येथील वादळांत बुडालें, आणि त्यावरील २९ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. त्या तीरावरचे मूळचे रहिवासी ओजिब्वे लोक याला ‘गिचिगामी’, म्हणजे महाजल, म्हणतात; आणि तेंच नांव त्याला अधिक शोभतें.

अशा या महाजलावर प्रत्येक उन्हाळ्यांत असंख्य माणसें हातभर रुंदीच्या नावेंतून हिंडावयास जातात. या नावेस कयाक म्हणतात. ध्रुवप्रदेशांतील इन्युइट लोकांनीं सीलच्या शिकारीसाठीं लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर कातडें ताणून ती प्रथम बनविली. आजची कयाक प्लास्टिकची किंवा कांचतंतूंची असते, पण घाट तोच आहे. वरची बाजू बंद. मध्यें एकच माणूस कमरेपर्यंत मावेल एवढें भोंक. त्या भोंकावर कमरेस बांधलेला पडदा घट्ट बसवितात, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी पाणी आंत शिरत नाहीं. वल्हें एकच, पण त्याला दोहों टोंकांस पातीं. समुद्रावर वापरावयाच्या कयाकच्या पुढच्या व मागच्या भागांत आडव्या भिंती घालून हवाबंद कप्पे केलेले असतात. नाव उलटली तरी ती बुडत नाहीं, याचें रहस्य या कप्प्यांत आहे. नदीवर वा तळ्यावर वापरावयाच्या साध्या नावेंत ते नसतात. म्हणून ती नाव येथें निरुपयोगी ठरते.

शिकागो आणि मिनियापोलिस या शहरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालेलीं आहेत. तेथील मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं सरोवराकडे जाण्याचे बेत सुरू होतात. मालवणच्या किंवा अलिबागच्या समुद्रांत लहानपणीं मनसोक्त डुंबलेला बाप मुलांना सांगतो, ‘‘मला पोहतां येतें, चिंता कसली?’’ आणि येथेंच त्याची चूक होते. कोंकणच्या समुद्राचें पाणी बहुतेक वर्षभर कोमट असतें. सुपीरियरच्या पाण्याचें सरासरी उष्णतामान मात्र ४ अंश सेंटिग्रेडच्या आसपास आहे. जून महिन्यांत हवा अंगाला उबदार लागत असली, तरी पाणी पुष्कळ ठिकाणीं १० अंशांच्याही खालीं असतें. ऑगस्टांत उथळ उपसागरांतील पाणी पोहण्याजोगें होतें. पण वारा फिरला म्हणजे वरचें ऊन पाणी दूर ढकललें जाऊन खालचें थंडगार पाणी एका रात्रींत वर येतें.

एवढ्या थंड पाण्यांत मनुष्य पडला तर काय होतें? लोकांची समजूत अशी, कीं तो हळूहळू गारठून मरतो. प्रत्यक्षांत धोका त्याच्या पुष्कळ आधीं उभा राहतो. पाण्याचा स्पर्श होतांच श्वास एकदम आंत ओढला जातो आणि छाती भात्यासारखी चालूं लागते. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असलें तर पहिल्याच श्वासांत पाणी जातें. हा झटका सुमारें १ मिनिट टिकतो. पुढचीं सुमारें १० मिनिटें हातपाय मनासारखे चालतात. मग बोटें वळत नाहींत, दोरी धरवत नाहीं, पट्टीचा पोहणाराही पोहूं शकत नाहीं. शरीर गारठून शुद्ध हरपावयास मात्र सुमारें १ तास लागतो. थंड पाण्याचा अभ्यास करणारे हा हिशेब ‘एक, दहा, एक’ अशा सुटसुटीत सूत्रांत सांगतात. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. तरंगत ठेवणारें जाकीट नावेंत ठेवून चालत नाहीं, अंगांतच हवें. आणि कपडे हवेला पाहून न करतां पाण्याला पाहून करावयास हवेत. अंगाबरोबरचा रबरी पोशाख किंवा पाणी आंत न येऊं देणारा पोशाख बाहेरच्या उन्हांत उकडतो खरा, पण तोच त्या दहा मिनिटांची मुदत वाढवितो.

आतां ज्या स्थळांसाठीं हा खटाटोप करावयाचा तीं पाहूं जातां, खटाटोप सार्थकीं लागतो यांत शंका नाहीं. विस्कॉन्सिन संस्थानांतील बेफील्ड गांवाच्या भोंवतीं अपॉसल बेटांचा समूह आहे. बेटें एकंदर २२. त्यांपैकीं २१ बेटें आणि मुख्य भूमीचा सुमारें १२ मैलांचा किनारा १९७० सालीं राष्ट्रीय संरक्षणाखालीं आला. येथील तांबूस वालुकाश्म लाटांनीं व बर्फानें कोरून त्यांत कमानी, खांब आणि गुहा तयार झाल्या आहेत. नाव अलगद आंत नेली म्हणजे छतावर पाण्याचे कवडसे नाचतात, आणि आंतल्या पोकळींत पाण्याचा घुमणारा आवाज ऐकूं येतो. बासवुड बेटावर १८६८ सालीं सुरू झालेल्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत, तर सँड बेटावर त्याच बेटाच्या दगडानें १८८१ सालीं बांधलेलें दीपगृह उभें आहे. नवशिक्यानें आंतल्या, एकमेकांच्या आडोशास असलेल्या बेटांपासून आरंभ करावा. उत्तरेकडील डेव्हिल्स बेटाच्या गुहा सर्वांत सुंदर खऱ्या; पण तेथें उघड्या सरोवराची लाट थेट येऊन आदळते, म्हणून तें स्थान अनुभवी माणसाचें.

पूर्वेस मिशिगन संस्थानांत म्युनिसिंग गांवापाशीं ‘पिक्चर्ड रॉक्स’ नांवाचे कडे आहेत. हे १९६६ सालीं संरक्षित झाले. कांहीं कडे पाण्यापासून २०० फूट सरळ उंच चढतात. दगडांतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर आलेल्या लोहानें तांबडे व नारिंगी, तांब्यानें निळे व हिरवे, आणि मँगॅनीजनें काळे पट्टे त्यांवर उमटले आहेत. पण सौंदर्याचें कारण तेंच येथें संकटाचेंही कारण आहे. सरळ कड्यावर आपटलेली लाट मोडत नाहीं. ती परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशीं भिडून पाणी जागच्या जागीं उभें उसळतें. मायनर्स, मॉस्किटो आणि चॅपल या वाळूच्या पट्ट्या सोडल्या तर मध्यें नाव लावावयास जवळजवळ जागाच नाहीं. शिवाय कडा ढांसळतोही: २००६ सालीं ‘मायनर्स कॅसल’ या प्रसिद्ध सुळक्याचें एक शिखर कोसळलें, आणि २०१९ सालीं कांहीं कयाकवाल्यांच्या डोळ्यांदेखत दरड पाण्यांत पडली. रंग पाहावेत, परंतु कड्यापासून अंतर राखून. वारा असेल त्या दिवशीं म्युनिसिंगच्या उपसागरांत, ग्रँड बेटाच्या आडोशास, पाणी त्या मानानें शांत मिळतें.

ज्यांस एकांत हवा त्यांनीं आइल रॉयल गांठावें. सुमारें ४५ मैल लांबीचें हें बेट १९४० सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें मूस आणि लांडगे राहतात, आणि मोटारगाडी नाहीं. बेटापर्यंत कयाकनें जाण्याचें धाडस करूं नये. प्रवासी बोट कयाकसुद्धां घेऊन जाते. रॉक हार्बर ही बेटुल्यांच्या रांगेमागें लपलेली लांबट खाडी वल्ही मारणाऱ्यासाठींच निर्माण झाली असावी असें वाटतें. कॅनडाच्या बाजूस रॉसपोर्टच्या आसपासचीं बेटें अशींच आडोशाचीं आहेत. तर पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यानाचा किनारा रानवट आणि उघडा, मदत मिळण्यास दूर. तेथें जाणाऱ्यानें वाऱ्यासाठीं दोन-तीन दिवस जादा हातीं ठेवावेत.

यावरून ध्यानांत येईल, कीं अमुक जागा सुरक्षित आणि अमुक धोक्याची असें कोष्टक मांडतां येत नाहीं. सुरक्षितपणा हा स्थळाचा गुण नसून स्थळ, दिवस आणि मनुष्य या तिघांचा मेळ आहे. बहुधा सकाळीं पाणी शांत असतें, दुपारीं वारा वाढतो. म्हणून पहांटे निघून दुपारपूर्वीं परतावें. जमिनीवरून सरोवराकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखें दिसतें, आणि नाव दूर गेल्यावर तोच वारा तिला परतूं देत नाहीं. उन्हाळ्याच्या आरंभीं उबदार हवा थंड पाण्यावर आली कीं धुकें पडतें. तेव्हां होकायंत्र जवळ हवें. उलटल्यावर नावेंतून बाहेर कसें पडावें आणि सोबत्याच्या आधारानें पुन्हां आंत कसें बसावें, हें आधीं उथळ पाण्यांत शिकून घ्यावें. शिटी, पाण्यांतहि चालणारा बिनतारी यंत्रसंच, आणि कोठें जाणार व केव्हां परतणार याची किनाऱ्यावरील माणसास दिलेली चिठ्ठी यांवांचून निघूं नये.

ऑन्टॅरिओ प्रांतांत अगावा येथें पाण्याच्या कडेच्या उभ्या खडकावर तांबड्या गेरूनें ओजिब्वे लोकांनीं काढलेलीं जुनीं चित्रें आहेत. त्यांत शिंगें असलेला, पाठीवर कांटे असलेला मिशिपेशू हा जलदेव आहे. वादळें उठविणारा आणि शमविणारा तोच, अशी त्यांची श्रद्धा. प्रवासास निघतांना ते पाण्यास तंबाखू अर्पण करीत. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ वाहणाऱ्या कोळ्यास हें नवल वाटणार नाहीं. आषाढांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोळ्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. पाण्याची ओळख असलेलाच थांबूं शकतो.

परंतु सुट्टीवर आलेल्याला थांबणें फार जड जातें. चार-पांच तास मोटार हांकून कुटुंब किनाऱ्यावर पोंचलेलें असतें, नावांचें भाडें भरलेलें असतें, आणि दूरवर पाण्यावर पांढरे शेंडे दिसूं लागतात. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, एवढ्या लांब येऊन परत जायचं?’’ त्या वेळीं बापानें मान डोलविली तर मुलाच्या डोळ्यांत तो क्षणभर मोठा होतो; ‘‘आज नको, उद्यां पाहूं’’ म्हटलें तर संध्याकाळपर्यंत रुसवा सोसावा लागतो. सुपीरियरच्या तीरावर पालकाची खरी परीक्षा वल्हें मारण्यांत होत नसून या एका उत्तरांत होते. बुडालेल्या नावेसाठीं रडण्यापेक्षां रुसलेल्या मुलाबरोबर वाळूंत बसून लाटा मोजणें बरें. दुसऱ्या दिवशीं पहांटे बहुधा वारा पडतो. गुहेच्या छतावर कवडसे पुन्हां नाचूं लागतात, आणि त्या वेळीं ते पाहावयास बाप आणि मुलगा दोघेही असतात.