‘केहिमकर’ या आडनावाचे समाजशास्त्र



अलिबागहून रेवसच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर किहीम लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचे बन आणि अलीकडे उभे राहिलेले मुंबईकरांचे बंगले, एवढेच किहीमचे चित्र बहुतेकांच्या मनात असते. पक्षिप्रेमींना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याचे आपले प्रसिद्ध निरीक्षण येथेच केले. परंतु या गावाचे नाव लावणारा एक माणूस इतिहासकार झाला आणि त्याचा ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला, हे फारसे कोणाला माहीत नसते. हाईम सॅम्युएल केहिमकर हे त्याचे नाव. ‘भारतातील बेने इस्रायलांचा इतिहास’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ सालीच लिहून झाला होता. तो प्रसिद्ध होईपर्यंत लेखक हयात राहिले नाहीत.

योगायोग असा की, त्याच १८९७ साली फ्रान्समध्ये एमिल दुर्खिम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आत्महत्या ही माणसाची सर्वांत खाजगी कृती. तरीही तिचे प्रमाण समाजागणिक बदलते आणि त्याचे कारण माणसांना बांधून ठेवणाऱ्या सामाजिक बंधांत शोधावे लागते, हे त्यांनी दाखवले. समाजशास्त्राचा गाभा हाच आहे. एकाच घटनेला व्यक्तीच्या पातळीवर एक उत्तर असते, संस्थेच्या पातळीवर दुसरे आणि इतिहासाच्या विशाल पटावर तिसरे. एका पातळीचे उत्तर दुसऱ्या पातळीच्या प्रश्नाला चिकटवले की गोंधळ होतो. आपल्या सार्वजनिक चर्चेत हा गोंधळ रोज होतो, आणि त्याला आपलेही व्यासपीठ अपवाद नाही.

तेव्हा प्रश्न साधा घेऊ. एक ज्यू कुटुंब ‘केहिमकर’ का झाले?

पहिले उत्तर घराच्या उंबरठ्यावर मिळते. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत किहीमजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ही परंपरा आहे, दप्तरातला पुरावा नव्हे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले. वाचलेल्यांच्या वंशजांनी भाषा मराठी घेतली, वेश इथला घेतला. सुंता, शनिवारची विश्रांती, खवले नि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे मात्र जपले. हिब्रू विसरली, ग्रंथ हरवले, तरी आईने मुलाला शिकवलेले टिकले. समाजशास्त्र याला समाजीकरण म्हणते. आपल्याकडे संस्कार म्हणतात.

पण संस्कार घरात टिकले, ते बाहेरच्यांनी टिकू का दिले? येथे दुसरी पातळी सुरू होते, आणि खरी गंमत येथेच आहे. हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ होते. गावाच्या दृष्टीने फरक वाराचा! रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे ते केहिमकर. कोणी धर्म विचारला नाही, कोणी जाळपोळ केली नाही. युरोपात ज्यूंच्या वाट्याला जे आले, ते ध्यानात घेतले म्हणजे या किनाऱ्याचे मोल कळते. त्याचा अभिमान बाळगावा, यात शंका नाही.

मात्र ‘हिंदू समाज सहिष्णू आहे’ एवढे म्हणून थांबणे म्हणजे मूल्याच्या पातळीवरचे उत्तर देऊन रचनेच्या प्रश्नाला बगल देणे होय. सहिष्णुता मनात होती, तिला गावगाड्यात जागा करून दिली ती जातिव्यवस्थेने. व्यवसाय वेगळा, लग्न आपसांत, पंगत वेगळी, अशा रचनेत नवागताला आणखी एक कप्पा मिळणे सोपे होते. मालवणात जन्मलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जातीचा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी जातीची जी लक्षणे सांगितली, त्यांतली बरीचशी या ज्यूधर्मीयांनाही लागू पडतात.

आणि त्या रचनेची किंमतही त्यांनी चुकवली. त्यांच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग पडले. शुद्ध कुळाचे मानले जाणारे ते गोरे. मिश्र विवाहांची संतती समजले जाणारे ते काळे. रोटी नाही, बेटी नाही. ज्यांचा धर्मग्रंथ जात सांगत नाही, त्यांच्या घरातही ही भिंत उभी राहिली! ज्या व्यवस्थेने आसरा दिला तिनेच ही भिंत शिकवली. समरसतेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात. पहिली सांगून दुसरी लपवणे हा इतिहासाशी आणि आजच्या आपल्या कामाशीही अप्रामाणिकपणा ठरेल.

तिसरी पातळी किनाऱ्यावरून दिसत नाही. अठराव्या शतकात मुंबईत कंपनी सरकारच्या पलटणी उभ्या राहिल्या. शनिवार तेल्यांची मुले सुभेदार झाली. त्यांच्यातलेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी. त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला ‘मशीद’च म्हणत. छापखाना आला, आणि १८४६ मध्ये वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. १८८० पासून अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. स्वतः केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. यातले काहीही एकट्या माणसाच्या कर्तृत्वाने स्पष्ट होत नाही. केहिमकर नसते तर शाळा कदाचित निघाली नसती, हेही तितकेच खरे.

१९४८ नंतर हा समाज इस्रायलला जाऊ लागला. त्या वेळी भारतात सुमारे वीस हजार असलेले बेने इस्रायल पुढे काही हजारांवर आले. कोणी हाकलले म्हणून ते गेले नाहीत. म्हणून ‘छळ झाला की माणसे जातात’ हे सोपे सूत्र येथे निकामी ठरते. नवे राष्ट्र, प्रार्थनेतली शतकांची ओढ, ब्रिटिश राज्यासोबत संपलेल्या नोकऱ्या आणि आधी गेलेले नातलग, असे सारे मिळून ते स्थलांतर घडले.

तेथे त्यांच्यापुढे जे वाढून ठेवले होते, ते या विषयाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलाचे लग्न लावण्यापूर्वी त्याच्या वंशावळीची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. किहीमच्या परिसरात ‘हा कोण?’ याचे उत्तर गाव आणि वार देत असे. तेथे ते कायदा आणि धर्मपीठ देत होते. संस्था बदलली आणि तोच माणूस संशयित ठरला. कोकणात ज्या ‘गोऱ्यां’नी ‘काळ्यां’ना कुळाची शुद्धता विचारली होती, त्यांनाही आता तोच प्रश्न विचारला गेला. या वेळी दोघे वेगळे राहिले नाहीत. १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. त्याच वर्षी इस्रायलच्या संसदेने, हा समाज सर्वार्थाने ज्यू आहे, असे जाहीर केले आणि धर्मपीठालाही माघार घ्यावी लागली.