घोडं कुठे पेंड खातंय?



 वर्षाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे, पण तो कार्यवाहांच्या छापील अहवालात आलाच आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, आणि ती बरीच वर्षं मनात साचली आहे. सॉफ्टवेअर टीमचं काम सगळ्यांना दिसावं म्हणून आपण बोर्ड लावले. त्यांवर आज कोणाच्या नावावर किती तिकिटं, कोणाचे किती पॉइंट, कोण रिकामा, हे सगळं दिसतं. घोडं कुठे पेंड खातंय, तेवढं मात्र दिसत नाही.

या बोर्डांसाठी कानबान हा शब्द आपण टोयोटाकडून घेतला. तैइची ओनो यांनी तिथे बसवलेल्या पद्धतीत पुढच्या टप्प्याने माल उचलला की चिठ्ठी मागे जायची आणि मागच्याने तेवढाच माल नव्याने करायचा. चिठ्ठी आली नाही तर काम करायचं नाही. म्हणजे जास्तीचं काम अंगावर घेऊ न देणं हाच चिठ्ठीचा धर्म होता. जोडीला अंदोनची दोरी होती. दोष दिसला की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. तेवढ्यात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढल्याबद्दल त्याला कोणी झापत नाही, ते त्याच्या कामातच धरलेलं असतं. आपण रंगीत चिठ्ठ्या तेवढ्या आणल्या. मर्यादा आणि दोरी जपानातच राहिली.

याचा परिणाम एका साध्या तिकिटावर बघा. ग्राहकाला आपला पत्ता बदलता यावा, एवढंच काम आहे. सोमवारी घेतलं, मंगळवारी संध्याकाळी कोड लिहून झाला. मग रिव्ह्यू करणारा दुसऱ्या रिलीजमध्ये अडकला म्हणून दोन दिवस गेले. नंतर टेस्टिंगचं सर्व्हर बंद. मग एक शंका निघाली, ती क्लायंटला विचारली. तिकडे सकाळ होईपर्यंत इकडचा दिवस संपला, आणि उत्तरातून आणखी एक शंका निघाली. कामाचे नऊ दिवस गेले, त्यातलं खरं काम दोन दिवसांचं. बोर्डावर मात्र ते नऊही दिवस 'इन प्रोग्रेस'मध्ये होतं आणि रोजच्या स्टँडअपला 'ऐंशी टक्के', 'नव्वद टक्के', 'होतच आलंय' अशी उत्तरं मिळत होती. यात कोणी खोटं बोललं नाही. कोडिंगचा निम्मा काळ काम 'नव्वद टक्के' झालेलं असतं, हे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. टक्केवारी विचारली की टक्केवारी मिळते. त्याऐवजी 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' असा वेगळा रकाना केला आणि कार्ड जितके दिवस तिथे राहील तितके ठिपके त्यावर दिले, तर कोणालाच काही विचारावं लागत नाही. तिसरा ठिपका पडला की ते डोळ्यांत खुपायला लागतं.

मर्यादेचं गणित तर त्याहून जुनं. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आपल्या भाषेत असा: हातात बारा तिकिटं आणि आठवड्याला तीन पूर्ण होत असतील, तर एका तिकिटाला सरासरी चार आठवडे लागणार. हातात सहाच ठेवा आणि वेग तोच राहू द्या, दोन आठवडे लागतील. यावर आक्षेप ठरलेला आहे: मग पोरं बसून राहतील. राहू द्या थोडा वेळ! रिकाम्या हाताने अडकलेल्या तिकिटाचा रिव्ह्यू करावा, हीच तर अपेक्षा आहे. खरी अडचण वेगळी आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं बिल माणशी निघतं आणि रिकामा माणूस बिलात बसत नाही. हे उघड बोलावं. त्याला प्रक्रियेचं नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप असा की क्लायंट पैसे मोजतो, त्याला आकडे हवेत. जरूर द्या, पण पॉइंटचे कागदी घोडे कशाला? कालचं तीन पॉइंटचं तिकीट आज पाचचं ठरवलं की व्हेलॉसिटी वाढते. सॉफ्टवेअर तेवढंच राहतं. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच काढले असतील, असं सांगणारे रॉन जेफ्रीज यांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केलाय. मागच्या तिकिटांना किती दिवस लागले ते दाखवा आणि चालतं सॉफ्टवेअर दाखवा. २००१ साली स्नोबर्डला जमलेल्या सतरा जणांच्या अजाइल जाहीरनाम्यानेही चालतं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप मानलं होतं. तिसरा आक्षेप, टीम चार गावांत विखुरलेली, बोर्ड लावायला भिंत आणायची कुठून? भिंतीचा आग्रह नाहीच. ठिपके आणि रकान्याची मर्यादा जिरामध्येही आहेत. (हे नाव गॉडझिलाच्या जपानी 'गोजिरा'वरून आलंय, फोडणीशी संबंध नाही.)

माझी खरी तक्रार अप्रेझलबद्दल आहे. ज्या बोर्डावर वर्षाअखेरचं रेटिंग ठरतं, त्यावर 'मी अडकलोय' असं कोण लिहील? तिथे लाल खूण करणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. म्हणून सगळी कार्डं शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवी असतात आणि मग एकदम रात्री जागवल्या जातात. बोर्ड आणि रेटिंग यांची फारकत झाल्याशिवाय कुठलंही टूल आणा, फरक पडणार नाही.

आपल्या संघाने या वर्षी एक नमुना बोर्ड तयार करावा, त्याबरोबर छोटी मराठी पुस्तिकाही काढावी; तपशील कार्यकारिणी ठरवेलच. तूर्त, आपल्या टीममध्ये तीन महिने पॉइंट बंद ठेवून ठिपके मोजायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी चहाच्या सुट्टीत कार्यवाहांकडे नाव द्यावं. वही दाराजवळच्या टेबलावर आहे.