शुद्ध स्मृतीचे शास्त्र

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्समधील स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य असतील त्यापेक्षा अधिक मते मिळाल्याचे मतदानाच्या संगणकाने दाखविले. फेरतपासणीत फरक निघाला नेमका ४०९६ मतांचा. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतील एकच बिट शून्याचा एक झाला, तर एवढाच फरक पडतो. आज्ञावलीत दोष सापडला नाही. बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. आकडा अशक्य होता म्हणून चूक उघडकीस आली. तोच फरक १६ मतांचा असता, तर कुणाच्या ध्यानात आले असते?

संगणकाच्या मुख्य स्मृतीत प्रत्येक बिट म्हणजे विद्युत्भाराचा एक सूक्ष्म साठा. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण हा साठा बिघडवू शकतात. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे निर्माण होणारे न्यूट्रॉनही तेच करतात. गूगलच्या संगणकांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. चूक टाळता येत नसेल, तर ती ओळखून दुरुस्त करण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

काटकसरीचे गणित

सर्वात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गोष्ट तीनदा लिहिणे आणि बहुमताने निर्णय करणे. परंतु त्यासाठी ६४ बिटांमागे १२८ जादा बिट लागतील. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली याहून फार स्वस्त मार्ग प्रसिद्ध केला. माहितीचे बिट एकमेकांत गुंतलेल्या गटांत वाटावयाचे आणि प्रत्येक गटाला एक तपासणी-बिट द्यावयाचा, असा की गटातील एकांची संख्या सम राहील. चूक झाली की काही गटांचा हिशेब जुळत नाही. कोणते गट जुळले नाहीत, यावरूनच चुकलेल्या बिटाचा पत्ता लागतो. मग तो बिट उलटा केला की काम झाले. ६४ बिटांसाठी असे ७ तपासणी-बिट पुरतात. आणखी एक जोडला की दोन बिट एकाच वेळी चुकल्याचेही कळते. म्हणजे १२८ ऐवजी केवळ ८.

परंतु प्रत्यक्ष यंत्रात प्रश्न बिटांचाच नसतो, वेळेचाही असतो. स्मृतीच्या प्रत्येक वाचनात ही तपासणी व्हावयाची असते. आयबीएमचे एम. वाय. शियाओ यांनी १९७० मध्ये गटांची रचनाच बदलली. माहितीचा प्रत्येक बिट विषम संख्येच्या गटांत असावा, हा त्यांचा नियम. ६४ पैकी ५६ बिट प्रत्येकी ३ गटांत आणि उरलेले ८ बिट प्रत्येकी ५ गटांत ठेवले, तर आठही गटांच्या वाट्याला बरोबर २६ बिट येतात. भार समान, म्हणून कोणताही गट इतरांना खोळंबून ठेवीत नाही आणि मंडलातील एक्स-ऑर गेट्सही कमी लागतात. एक बिट चुकला तर विषम संख्येचे गट बिघडतात, दोन चुकले तर सम संख्येचे; निदान तत्क्षणी होते. मांडणी सुधारली आणि खर्च उतरला. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

आपला वारसा

पाठातील चूक पकडण्याची चिंता आपल्या पूर्वजांनीही वाहिली होती. क्रमपाठात प्रत्येक पद पुढच्या पदाशी जोडून म्हटले जाते, जटापाठात ती जोडी उलटसुलट येते, घनपाठात तिसरे पदही गुंफले जाते. एखादे पद घसरले तर शेजारची पदे साक्ष देतात. वेदकाळी संगणक होता, असे याचा अर्थ लावणे हा त्या परंपरेचाच अवमान ठरेल. तेथे पुनरुक्ती आहे, येथे गणित आहे. पण माहिती टिकवावयाची तर तिच्याभोवती जादा बांधणी हवी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

या आधुनिक शास्त्रातही भारतीयांचा वाटा मोठा आहे. राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनी १९६० मध्ये अनेक चुका सुधारणारी संकेतपद्धती मांडली. फ्रान्समधील ओकेंगेम यांनी ती स्वतंत्रपणे १९५९ मध्ये शोधली होती. तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही बीसीएच पद्धती फ्लॅश स्मृतीत दीर्घकाळ वापरली गेली. आणि मुंबई विद्यापीठात गणिताचे अध्यापन केलेले शरच्चंद्र श्रीखंडे यांनी बोस यांच्यासमवेत संकेतरचनेवर १९५९ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी या दोघांनी पार्कर यांच्यासह ऑयलरचे जुने अनुमान खोटे ठरविले.

आता कर्तव्य

सिद्धान्त आपल्या माणसांनी घडविला, पण स्मृतिचिपा आपण बाहेरून आणत आलो, हे शल्य बोचावयास हवे. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो जुळणीचा आणि चाचणीचा आहे. २०२५ मध्ये मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडलेला ३२ बिटांचा 'विक्रम' प्रक्रियक देशासमोर आला. आरंभ झाला आहे, वाटचाल लांबची आहे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली खरेदीची. घरगुती संगणकांत सामान्यतः ही संपूर्ण दुरुस्ती-व्यवस्था नसते. डीडीआर-५ स्मृतीत चिपच्या आत १२८ बिटांमागे ८ तपासणी-बिट असतात, पण चिपबाहेर वाटेत झालेली चूक त्यांना दिसत नाही. म्हणून कोषागार, रुग्णालय, भूमी-अभिलेख अशा ठिकाणच्या संगणकांसाठी पूर्ण दुरुस्तीची स्मृती निविदेतच मागितली पाहिजे. दुसरी गोष्ट तुमची. शियाओचे मंडल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उभे करता येते. ते करा, मग त्याहून कमी गेट्सचे, कमी वीज खाणारे करून दाखवा. स्वदेशी ही घोषणेने येत नाही. ती अशा एकेका गेटच्या हिशेबातून येते.

भारत माता की जय!